केरळची सून

नाथाचा फोन आला तेव्हा स्नेहल पत्र्याच्या ऑफिसात उभ्याउभ्याच जेवत होती.

"वहिनी, गुजराथीण बसली."

"बसली म्हणजे?"

"क्लच गेला. पेडल खाली गेलं ते वर येईना. वणी सोडली आम्ही, नांदुरीच्या अलीकडं उभे आहोत."

त्याच्या मागं संबळ वाजत होता. गाडी बंद पडली तरी वऱ्हाडानं वाजवणं थांबवलं नव्हतं.

"नवरदेव कुठंय?"

"सनी ना? बांधावर बसलाय, बाशिंग मांडीवर घेऊन. मित्र नाचतायत. सहादूकाका मात्र कुणाशी बोलंनात. नव्या धोतरानं सारखे गाडीखाली शिरतायत."

"आधी त्यांना बाहेर काढ," स्नेहल म्हणाली. "काहीतरी करते मी."

काय करणार ते तिला माहीत नव्हतं. सहादूकाका म्हणजे घरातलेच. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पहिली गाडी घेतली तेव्हा तिचं स्टिअरिंग पहिल्यांदा सहादूकाकांच्याच हातात दिलं होतं. आज त्यांच्या एकुलत्या एक पोराचं कळवणला लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. वऱ्हाडासाठी आबांनी गाडी स्वतःहून दिली होती. आणि आजच तिनं दगा दिला.

स्नेहल बाहेर आली. नाशिकच्या द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला त्यांचं हे यार्ड. एरवी शनिवारी दुपारी इथं एखाददुसरी गाडी सुटीवर असायची. आज मोठी तिथी, सगळ्या कामावर. थोरली पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर बायका घेऊन गेली होती. ती पूर्वी सोलापूरकडच्या एका साखर कारखान्यात होती, अजून तिच्या सीटखाली मळीचा वास यायचा. मेरी त्र्यंबकला. गोव्यात ती पर्यटकांना समुद्रावर न्यायची, आता म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवाला नेते. गुजराथीण आधी सुरत ते भावनगर रात्रीची धावायची. इथं आल्यावर अंबडच्या कंपनीतल्या पाळ्या करायची आणि सुटीला वऱ्हाडं. यार्डात दोनच गाड्या उभ्या होत्या. एक शाळकरीण. कधीकाळी पुण्यात इंजिनिअरिंगची पोरं ओढणारी, आता पिवळी रंगवलेली. शाळेची फेरी संपवून नणंद हर्षाली तिला धूत होती.

आणि दुसरी ती.

लाल, पोपटी, निळी. अंगभर फुलं काढलेली, कपाळावर मल्याळी अक्षरं. खिडक्यांना काचा नाहीत, गुंडाळायचे ताडपत्रीचे पडदे. दिवाळीत नवऱ्यानं, शेखरनं, ती त्रिशूरकडून ड्रायव्हर लावून आणली. कागदपत्रं झाली, नवा नंबर लागला. पण गाडी एक फेरीही गेली नव्हती. किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात होती.

"हर्षू," स्नेहलनं हाक मारली, "पाइप बंद कर. आणि दादाला उठव."

*

सावळीराम, म्हणजे सगळ्यांचे आबा, शेडखाली बाजेवर बसून सगळं ऐकत होता. फोन आल्यापासून तिघांच्या नजरा आपल्याकडं फिरतायत हे त्याला दिसत होतं.

शेखर कुणाकुणाला फोन लावत फेऱ्या मारत होता. शेवटी त्यानं फोन खिशात टाकला.

"आज नाशकात वरातीला घोडा मिळेल, गाडी नाही मिळणार."

"नांदुरीच्या जीपा?" सावळीराम म्हणाला.

"त्याही लग्नातच आहेत, आबा."

"मग नवरदेवाला मोटरसायकलवर पुढं धाडा. बाकीचे येतील मागून."

"सहादूकाकांच्या पोराला? एकट्याला? आणि वरमाय बांधावर बसवून?"

बोलू नये ते बोललो असं सावळीरामला वाटलं.

"शाळकरीण नेता येत नाही," हर्षाली ओल्या हातांनी येत म्हणाली. "परवाना शाळेचा आहे. पोलिसानं वणीतच धरलं तर नवरदेव पिवळा, गाडी पिवळी, दोघंही आत."

मग शेखर बोलला. "आबा, किल्ली द्या."

"नाय."

"का?"

"ठाऊक हाय तुला. तुझ्या आईचं वर्ष झालं नाय. वर्ष झाल्याशिवाय घरात सून घ्यायची नाय."

सून हा शेखरच्या आईचा, कुसाबाईचा शब्द. त्यांच्याकडं नवी गाडी कधी आलीच नाही. जी आली ती दुसऱ्याच्या घरून, वापरून, कुठंतरी अर्धं आयुष्य काढून आली. कुसाबाई म्हणायची, सून पण तशीच येते, तिला कुणी कोरी म्हणतं का? गाडी आली की ती फाटकात तांदळाचं माप ठेवायची. डावं चाक मापावरून आत यायचं. गाडीवर कुठं आधीचं नाव सापडलं तर पुसू द्यायची नाही. मेरी हे नाव तसंच राहिलेलं.

आणि मग खरं काम. कुसाबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन गाडीत चढायची आणि एकूण एक सीटवर बसायची. मागून पुढं. पाठ टेकवायची, टाच आपटायची, हलून बघायची. चांगल्या सीटला कुंकू, खोडीच्या सीटला हळद. हळदीची सीट दुरुस्त झाल्याशिवाय गाडी बाहेर पडायची नाही. लग्नाआधी ती कळवणहून भाजी घेऊन पंचवटीत यायची, कायम शेवटच्या बाकावर. ती म्हणायची, "गाडी घेणारा पुढं बसून बघतो. गाडीत बसणारा मागं बसतो." सगळ्यात शेवटी ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची आणि म्हणायची, "हां. निघू द्या."

गेल्या चैत्रात ती गेली. दिवाळीत ही गाडी आली. सावळीरामनं तिला फाटकातून नुसतीच आत घेतली, माप न ठेवता, आणि कडेला लावली.

"चार महिने उभीये, आबा," शेखरचा आवाज चढला. "वर्ष, वर्ष. माणसं रस्त्यावर बसलीत तिकडं!"

"हर्षे, सांग याला," सावळीराम म्हणाला. या बाबतीत पोरगी कायम त्याच्या बाजूची.

हर्षाली पायजम्याला हात पुसत राहिली. "आबा, आजपर्यंत मी तुमच्या बाजूनं बोलले. पण मला गाडी सहादूकाकांनी शिकवली. आज मी त्यांच्या बाजूची."

आता उरली सून. स्नेहल कधी सासऱ्यापुढं आवाज चढवत नसे. ती बाजेजवळ आली.

"आबा, एक विचारू? आपल्यात घरातलं मोठं माणूस गेलं की पोरांची लग्नं कधी करतात?"

"वर्षाच्या आत उरकत्यात," सावळीराम म्हणाला. "नायतर मग तीन वर्षं थांबायचं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

"दीड महिना राहिलाय वर्षाला," स्नेहल हळूच म्हणाली. "तो गेला की हिला तीन वर्षं उभी ठेवायची का?"

हर्षालीनं तोंडावर हात धरला. शेखर बायकोकडं बघतच राहिला.

सावळीरामनं गाडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "आणि बसणार कोण? सीटवर?"

खरी अडचण ही होती. आता ती सगळ्यांना कळली.

"तुम्ही," स्नेहल म्हणाली.

"मला नाय कळत त्यातलं. तिला कळायचं."

"दर वेळी शेजारी उभे असायचात ना? मग बसायला सुरुवात करा. कळेल."

"आता कुठला वेळ, वेडे? तिथं पोरगं बांधावर—"

"वाटेत बसा," हर्षाली म्हणाली. "गाडी चालू असताना. मागून पुढं. नांदुरी येईपर्यंत होईल. आणि चालत्या गाडीत तर जास्तच कळेल, आईला असं कधी मिळालं होतं?"

सावळीरामनं बंडीत हात घातला.

*

किल्ली हर्षालीकडं गेली तेव्हा शेखरला बोलावंच लागलं. मोठ्या गाडीचा परवाना घरात तिचाच होता.

"जपून चालव. ही डावीकडं ओढते जरा. आणि दुसरा गिअर लागायला कुरकुर करते."

हर्षाली पायरीवर थांबली. "तुला रे कसं माहीत?"

शेखरचे कान लाल झाले. दर रविवारी आबा रामकुंडावर गेले की तो दुसऱ्या किल्लीनं गाडी चालू करायचा. बॅटरी मरू नये म्हणून. यार्डात दोन चकरा मारायच्या आणि होती तिथंच लावायची. चार महिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"बॅटरीसाठी," तो पुटपुटला. "मी फाटकाबाहेर नव्हती काढली, आबा. शप्पथ."

"ठाऊक हाय मला," सावळीराम चढता चढता म्हणाला. "चाकांचे वळ दर सोमवारी कोण झाडतं मग?"

बाप पायरीवर एक पाय ठेवून उभा होता आणि बऱ्याच महिन्यांनी हसत होता.

स्नेहल घरातून धावत आली. एका हातात कोयरी, दुसऱ्या हातात तांदूळ भरलेलं माप.

"माप कशाला?" शेखर म्हणाला. "ते आत येताना असतं."

"मग आत येणार नाही का ती? राहू दे गाडीतच. सरका."

हर्षालीनं किल्ली फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. छताला लावलेले रंगीबेरंगी दिवे आपोआप लागले आणि कुठल्यातरी स्पीकरमधून मल्याळी गाणं सुरू झालं, एवढ्या मोठ्यांदा की शेजारच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली.

"बंद कर ते!"

"कुठून बंद करायचं ते लिहिलंय, दादा. तू वाच!"

गाणं चालू ठेवूनच ते फाटकाबाहेर पडले.

*

हर्षालीला शाळकरीण चालवायची सवय. तिला शिव्या देत, चुचकारत न्यावं लागायचं. ही वेगळी. दिंडोरीचा रस्ता लागला आणि हिनं अंग मोकळं केलं. चार महिने बांधून ठेवलेली म्हैस सुटावी तशी. खिडक्यांतून वारा, धूळ आणि बागांमधल्या फवारणीचा वास आत येत होता. वहिनीनं पदर नाकाला लावला होता. दादा गाण्याचं बटण शोधत ओणवा झाला होता.

डोक्यावरून एक दोरी मागपर्यंत गेली होती, पुढं घंटी. निघायच्या आधीच तिनं आबांना दाखवली होती. "एसटीसारखीच आहे. एक वाजली की थांबेन. दोन वाजल्या की चालेन."

आरशात तिला आबा दिसत होते. शेवटच्या बाकावर एका टोकाला बसले. डोळे मिटले. मग सरकले. मग पुढच्या सीटवर. आधी ते अवघडून बसत होते, परक्याच्या घरी गेल्यासारखे. हळूहळू पाठ टेकवायला लागले. टाच आपटायला लागले. आई बसायची तसंच एका बाजूला कलून बघायला लागले. कोयरीतलं कुंकू बोटाला लागायचं, बोट सीटला.

"वहिनी," ती मागं न बघता म्हणाली, "बघतेस ना?"

"तू समोर बघ," स्नेहल म्हणाली.

एका सीटवर आबा जास्त वेळ थांबले. फटीतून त्यांनी काहीतरी काढलं. वाळलेला गजरा. नुसता दोरा राहिला होता, त्याला दोनचार फुलं.

"कुणीतरी माळून बसली होती," ते म्हणाले आणि गजरा परत होता तिथंच ठेवला. त्या सीटला कुंकू लावलं.

वणी मागं गेली आणि घंटी वाजली. एकदा.

हर्षालीनं ब्रेक दाबला. आबा डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या थोडं पुढं उभे होते.

"शेखर, इकडं ये. टाच मार इथं."

शेखरनं मारली. खालचा पत्रा हलला. त्यानं रबरी चटई उचलली. दोन बोल्ट गायब होते आणि फटीतून खालचा रस्ता दिसत होता. शेखर तसाच गुडघ्यावर बसून राहिला.

"दर रविवारी मी चालवली, आबा. मला नाही कळलं."

"तू पुढं बसून चालवलीस," आबा म्हणाले.

त्यांनी हळदीत चारी बोटं बुडवली आणि सीटवर चांगली ओढली. शेखरनं आजूबाजूचा पत्रा टाच मारमारून तपासला, तो घट्ट होता. मग दोरखंड आणून ती सीट आणि समोरची जागा बांधून टाकली.

घंटी दोनदा वाजली.

*

वऱ्हाडानं गाडी लांबूनच पाहिली, पण ती आपल्यासाठी आहे असं कुणाला वाटलं नाही. हर्षालीनं हॉर्न दाबला. तो हॉर्न नव्हताच, सात सुरांची पिपाणी होती. संबळवाल्यानं क्षणभर थांबून ऐकलं आणि त्याच सुरावर ठेका धरला. मग सगळेच ओरडले. सनी बांधावरून उठून नाचायला लागला, बाशिंग काखेत.

सहादू गुजराथीणीच्या बंपरला टेकून उभा होता. धोतराला ग्रीस, हाताला ग्रीस, फेट्यालासुद्धा. त्याला एवढं उतरलेलं सावळीरामनं कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमची गाडी माझ्याच पोराच्या लग्नात..."

"तिला कळतं काय लग्नातलं? क्लच हाय तो, जायचाच. बस गाडीत."

"पण ही कशी आणली? वैनीचं वर्ष—"

"मी नाय आणली. हिलाच लग्नाला यायचं होतं."

सहादूनं गाडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लय नटवी हाय, भाऊ."

"केरळची हाय. तिकडं अशाच असत्यात म्हणं."

दहा मिनिटांत आहेर, पेट्या, पोरं, म्हाताऱ्या सगळं इकडून तिकडं झालं. नाथा तिथंच थांबणार होता, मेकॅनिकची वाट बघत. त्याला डब्यातले चार लाडू मिळाले. सनीचे एक मामा, चांगले देहानं भरलेले, सरळ जाऊन दोरखंड सोडायला लागले.

"मामा, तिथं नाही बसायचं," स्नेहल म्हणाली. "हळद लागलीय त्या सीटला."

"पोराला लागलेली चालती, मला नाय का?"

"चालेल की. पण पाय रस्त्यावर टेकतील. कळवणपर्यंत पळत यावं लागेल बसल्या बसल्या."

अख्खी गाडी हसली. मामा उभेच राहिले.

गाडी भरली. मांडीवर पोरं, मधल्या वाटेत माणसं. सावळीराम सगळ्यात शेवटी चढला आणि थबकला. ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. आणि तिच्याच शेजारी सहादूची बायको, आजची वरमाय, दांडा धरून उभी होती.

"अगं, बस की. उभी काय राहिलीस?"

"नाय भाऊ." ती मान हलवत राहिली. "तिथं वैनी बसायच्या. त्यांनी 'निघू द्या' म्हटल्याशिवाय तुमच्या घरची नवी गाडी कधी हलली का? मी कशी बसू?"

मागं संबळ वाजत होता, तो थांबला. नव्या पोरांना काही कळलं नाही, पण जुन्या माणसांना कळलं. त्यांतल्या कितीतरी जणांनी कुसाबाईला त्या सीटवर बसलेलं पाहिलं होतं. शेखर दाराशी उभा होता. हर्षाली आरशातून बघत होती. ऊन डोंगराकडं कललं होतं. कळवणला नवरी, अंजली, शालू नेसून वाट बघत बसलेली असणार.

येताना सावळीराम सगळ्या सीटवर बसला होता. हीच एक त्यानं सोडली होती. इथपर्यंत आला, दांडा धरून उभा राहिला, आणि बाहेर बघत राहिला. ते फक्त स्नेहलनं पाहिलं होतं. आता तिनं कोयरी पुढं केली.

सावळीराम बसला.

सीट बरी होती. पाठीला थोडी कडक. त्यानं टाच आपटली, पत्रा घट्ट होता. समोरच्या काचेतून रस्ता सरळ दिसत होता, त्याच्यापुढं गडाचा डोंगर. इथून एवढं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. तो कायम खाली उभा राहून तिच्या तोंडाकडं बघत असायचा.

बोटाला कुंकू घेऊन त्यानं ते सीटच्या कडेला लावलं. मग तोंड उघडलं. शब्द दोनच होते, पण ते येईनात. सगळी गाडी वाट बघत होती. त्यानं डोक्यावरची दोरी धरली आणि ओढली.

घंटी वाजली. एकदा.

हर्षालीचा पाय ब्रेकवर होता, तो तसाच राहिला. एक म्हणजे थांब. सहादूच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. सावळीरामचा हात दोरीवरच होता.

मग त्यानं सरकून शेजारी जागा केली आणि वरमायला हातानं खूण केली. ती बसली.

त्यानं दोरी पुन्हा ओढली. दुसरी घंटी वाजली.